स्वप्नात मागितलेलं द्यायचं असतं

गणपती गेले की माझ्याकडे स्वप्नं यायला लागतात. माझी नव्हेत, इतरांची. नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या माळ्यावर मी दर शनिवारी कथालेखनाचा वर्ग घेते. वर्गाचा एक लहानसा दिवाळी अंक निघतो आणि त्याच्या कथा भाद्रपद उतरताना, नेमक्या पितृपक्षात माझ्या हातात पडतात. बाहेर ऊन आणि पाऊस आलटूनपालटून येत असतात. भोपळा, गवार, अळू यांचे भाव चढलेले असतात. कापडाच्या दुकानातले लोक गिऱ्हाईक नाही म्हणून दारात उभे राहून रस्ता बघत असतात. आणि मी लाल पेन घेऊन बसलेली असते. कुठल्या ना कुठल्या कथेत कुणीतरी घामाने डबडबून, दचकून जागं होतं आणि आधीची चार पानं स्वप्न होती असं आम्हाला कळतं. मी ती चार पानं खोडते.

यंदा वर्गात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले आहेत. त्यांनी विचारलं, "मॅडम, कथेतलं स्वप्न परिणामकारक कसं करायचं?" मला अशा प्रश्नांची उत्तरं टाइप करून ठेवायची सवय आहे. घरी फ्रीजवर वाण्याची यादी असते, ऑफिसात टेबलावर कामांची, तशी वर्गाच्या पिशवीत नियमांची. मी त्यांना कागद दिला. स्वप्न अर्ध्या पानात उरका. स्वप्नातल्या माणसाला लांबलचक, नीटनेटकं बोलू देऊ नका. घर ओळखीचं असू द्या, पण एखादी वस्तू भलत्या जागी ठेवा. अर्थ सांगू नका, अर्थ सांगणारं पात्रही आणू नका. आणि शेवटचा नियम असा, की स्वप्नातून उठलेल्या माणसाने दिवसाउजेडी काहीतरी वेगळं करायला हवं. तसं होत नसेल तर स्वप्न कितीही सुंदर असो, काढून टाका.

पहिले चार नियम मी हसतखेळत समजावते. पाचव्यापाशी आले की मला पाणी प्यावं लागतं.

आमच्या डोंबिवलीच्या घरात स्वप्न ही वाङ्मयाची गोष्ट नव्हती. ती घरकामाची गोष्ट होती. आमच्याकडे एक रीत होती, अजूनही आहे. गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागून गेलं, तर ती वस्तू पितृपक्षात त्याच्या पानाशेजारी ठेवायची आणि जेवणं झाल्यावर ज्याला तिची गरज असेल त्याला देऊन टाकायची. आई याबाबतीत अगदी काटेकोर होती. दुपारी भांडी फळीवर लावता लावता ती सांगायची, "मामंजी आले होते. पायरीवर बसले. माझा चष्मा कुठाय म्हणाले. मग कुकरची शिट्टी झाली." संपलं स्वप्न. त्या वर्षी आजोबांच्या पानाशेजारी एक नवा चष्मा ठेवला गेला आणि नंतर तो खालच्या मजल्यावरच्या एका काकांना दिला. ते पेपर हात लांब करून वाचायचे, म्हणून आईने त्यांना गरजवंत ठरवलं होतं. तो नंबर त्यांना लागत नव्हता. तरी बिचारे आई दिसली की खिशातून काढून लावायचे आणि जिन्यात ठेचकाळायचे.

एकदा तिची मावशी जायफळ मागून गेली. एकदा कुणी दूरच्या नात्यातले छत्री मागून गेले. त्यावर बाबा म्हणाले होते की जिवंत असताना त्यांनी आपली नेलेली छत्री अजून परत केलेली नाही, आणि आई म्हणाली होती की तुम्ही गप्प बसा. पानाशेजारी छत्री ठेवलेली मला आठवते. तांदळाच्या खिरीचा वास, आमसुलाच्या चटणीचा आंबूस रंग, वड्यांच्या तेलाने चिकट झालेली हवा, आणि त्या सगळ्यात आडवी पडलेली, लाकडी मुठीची काळी छत्री. स्वप्नाचं लिखाण मी तिथे शिकले. आईची स्वप्नं चार वाक्यांची असत आणि त्यात एक वस्तू असे. बाकीचं आम्ही आपापल्या मनात भरत असू.

आम्ही तिघं भावंडं. मोठा अविनाश, म्हणजे दादा. मधली मी. धाकटी रंजू. दादा लग्नानंतर नौपाड्यात राहायला गेला, मी बाळकुमला. रंजूचं लग्न झालं नाही आणि ती आईजवळ डोंबिवलीला राहिली. आईची उजवी बाजू गेली तेव्हा रंजूने बालवाडीची नोकरी सोडली आणि नंतरची सगळी वर्षं आईच्या कॉटजवळ खाली अंथरूण टाकून झोपली. दादा रविवारी फळं घेऊन यायचा. मी औषधांचा तक्ता करून भिंतीला लावला होता आणि तो दर महिन्याला बदलत होते. हे मी सांगते आहे ते एवढ्यासाठीच, की कोण काय करत होतं ते कळावं. अंथरूण खाली रंजूचंच होतं.

आई गेल्यावर रंजू तिच्या स्वप्नाची वाट बघत राहिली. आईची चादर अंगावर घेऊन झोपायची. मला फोन करून विचारायची, "तुझ्याकडे आली का गं?" मी नाही म्हटलं की तिला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. "माझ्यावर रागावली असेल का?" असं तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, मेलेली माणसं रागावत नाहीत. ती म्हणाली, "तुला काय माहीत."

इमारत जुनी झाली होती, पाडून नवी बांधायचं ठरत होतं. घरावर आम्हा तिघांचा सारखा हक्क होता. आईचे दिवस झाल्यावर मी सरळ सांगून टाकलं होतं की माझा वाटा रंजूला, म्हणजे तिला डोक्यावर छप्पर राहील. दादा त्यावर मान हलवून "बघू" म्हणाला होता. आमच्या घरात "बघू" याचा अर्थ होकार धरायची पद्धत होती. ती बाबांमुळे पडली होती. दादाचं "बघू" वेगळं आहे हे मला उशिरा कळलं.

आणि मग तो पितृपक्ष आला, आईचा पहिला. नौपाड्यात दादाकडे आईच्या तिथीला सगळे जमलो. कल्याणहून आत्या आली होती, बाबांची बहीण. आमच्याकडच्या रीतीभातींवर शेवटचा शब्द तिचा असतो. पानं वाढून झाली, कावळ्याचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून झालं, आणि आपोष्णीचं पाणी हातात घेऊन दादा म्हणाला की काल पहाटे आई आली होती.

तो सांगू लागला. आई पांढऱ्या पातळात होती, चेहऱ्यावर उजेड होता. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "अविनाश, घराचे तुकडे करू नका. घर एका नावावर असू दे. माझा जीव तिथे अडकला आहे. माझ्या मुली समजूतदार आहेत."

मला ते ऐकतानाच लाल पेन हवं होतं. आईने आयुष्यात पांढरं पातळ नेसलं नाही, बाबा गेल्यावरही नाही. शेवटची वर्षं तर ती फुलाफुलांच्या गाऊनमध्ये होती. दादाला ती अवी म्हणायची. चेहऱ्यावरचा उजेड टीव्हीवरून आला होता. आणि समजूतदार हा शब्द तिने आमच्याबद्दल कधी काढला असता तर आम्ही दोघींनी तो फ्रेम करून ठेवला असता. स्वप्नातलं माणूस करारनाम्यातल्या कलमांसारखं बोलत होतं. वर्गात कुणी असं लिहून आणलं असतं तर मी अख्खा परिच्छेद उडवला असता.

रंजूचा हात पानावरच थांबला होता. तिने विचारलं, "रागावली होती का रे?"

दादा म्हणाला, "नाही. दमलेली वाटली."

तिथे तो जिंकला. पांढऱ्या पातळाने नव्हे, कलमांनी नव्हे, त्या एका शब्दाने. आई दमलेलीच होती. ती दमलेली होती हे रंजूइतकं कुणालाच माहीत नव्हतं. खोट्या स्वप्नात एक खरा शब्द पुरतो, हे मी तेव्हापासून कुठल्याही वर्गात सांगितलेलं नाही.

पुढचं भराभर झालं. वहिनी ओट्याशी वडे तळत असताना मी रंजूला बाल्कनीत नेलं आणि सांगितलं की हे रचलेलं आहे. कसं रचलेलं आहे तेही एकेक मुद्दा घेऊन समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तू लिहितेस म्हणून तुला सगळं लिहिलेलंच वाटतं." आणि थोड्या वेळाने, "दादा इकडेतिकडे खोटं बोलेल. आईच्या पानासमोर बोलेल का?"



चार दिवसांनी आत्याच्या यजमानांची तिथी होती, म्हणून सगळे कल्याणला जमणार होतो. मी ठरवलं की आपणही एक स्वप्न न्यायचं. ज्याला यातलं काही कळत नाही त्याने अर्ध्या मिनिटात रचलेल्या स्वप्नाने घर जात असेल, तर ज्या बाईने यात आयुष्य घातलं तिच्या स्वप्नाने ते राहायला हवं. बाळकुमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालताना मी ते रचलं. मन लावून रचलं. दोन खोल्यांचं आमचं घर होतं, पण स्वयंपाकघराची भिंत नव्हती आणि तिथून सरळ समुद्रासारखं काहीतरी दिसत होतं. आई खाली बसून कोथिंबीर निवडत होती. पानं टाकत होती आणि काड्या ठेवत होती. गॅसच्या जागी रंजूचे शाळेतले बूट होते, ओले. आईने वर बघितलं आणि म्हणाली, "झालं?" एवढंच.

सगळे नियम पाळले होते. अर्ध्या पानात होतं. वस्तू भलत्या जागी होती. अर्थ कुठेही सांगितलेला नव्हता, पण ज्याला डोकं आहे त्याला लागावा असा ठेवला होता. रंजूचे बूट चुलीच्या जागी आहेत, आईची चूल म्हणजे रंजू, आई पानं टाकून काड्या जपते आहे. मी ते जेवताना, आवाज अजिबात न चढवता सांगितलं.

आत्या लक्ष देऊन ऐकत होती. "मग?"

"मग काही नाही. जाग आली."

"मागितलं काय पण?"

"काहीच नाही मागितलं."

"मग आली कशाला?" आत्या म्हणाली आणि ताकाचं भांडं पुढे सरकवलं.

वहिनी म्हणाली की कोथिंबीर किती महाग झालीय, तेच डोक्यात राहत असेल. सगळे हसले. रंजूही हसली. दादा तर मनापासून हसला आणि माझ्या पानात त्याने स्वतःच्या हाताने एक वडा वाढला. मी आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं स्वप्न त्या वड्याखाली गेलं.

त्याच पंधरवड्यात दादाने हक्कसोडपत्र तयार करून आणलं, म्हणजे बहिणींनी आपला वाटा भावाला सोडल्याचा कागद. मी म्हटलं, पितृपक्षात असले व्यवहार करत नाहीत. त्याने आत्याला विचारूनच ठेवलं होतं. हे काही शुभकार्य नाही, त्यामुळे चालतं, असं आत्याचं म्हणणं पडलं होतं. तिनेही तिच्या वेळी सही दिली होती आणि त्याने माहेर तुटत नाही असं ती म्हणे. तेव्हा मला कळलं की हक्क सोडायला पितृपक्ष चालतो, घ्यायला तेवढा चालत नाही. घ्यायचं काम दादाने दसऱ्याला केलं, बिल्डरबरोबर, पेढे वाटून.

मी सही करणार नव्हते. रंजूच माझ्या मागे लागली. "तू नाही केलीस तर आई तुझ्यामुळे अडकेल," असं ती म्हणाली. मी भांडत होते तिच्यासाठी, आणि ती हात जोडून मला सही कर म्हणत होती. शेवटी नोंदणीच्या सरकारी कचेरीत आमचे फोटो काढले, यंत्रावर अंगठे ठेवून घेतले. रंजू आईची मोरपिशी साडी नेसून आली होती. कारकुनाने तिला स्वेच्छेने देताय ना, असं विचारलं, तेव्हा ती इतक्या मोठ्याने हो म्हणाली की शेजारच्या रांगेतले लोक वळून बघू लागले. नंतर दादाने आम्हाला मसाला डोसा खायला घातला.

बांधकाम होईपर्यंत तात्पुरतं म्हणून रंजूने दिवा स्टेशनजवळ खोली घेतली. नवी इमारत उभी राहिली, जागा ताब्यात आली आणि भाड्याने गेली. मुलाचं लग्न ठरेपर्यंत, असं दादा म्हणतो. रंजूचं काय, असं मी विचारते तेव्हा तो म्हणतो, "बघू." मी तिला बाळकुमला आमच्याकडे आणलं होतं. थोडे दिवस राहिली. मग म्हणाली की पाहुणीने कपाटात किती दिवस एकच कप्पा वापरायचा, आणि परत गेली. दिव्याच्या तिच्या खोलीत खिडकीपर्यंत निळे पिंप रचलेले आहेत. पाणी येतं ते संध्याकाळी, तेही रोज नाही. इमारतीतल्या बायका बादल्या लावून पंप सुरू व्हायची वाट बघत जिन्यात बसतात. रंजू तिथेच बसून मुलांच्या शिकवण्या घेते.

म्हणून मला पाचवा नियम सांगताना पाणी लागतं. स्वप्नानंतर दिवसाउजेडी काहीतरी बदललं पाहिजे. दादाच्या स्वप्नाने एक घर बदललं. माझ्या नियमाने बघितलं तर ते ठेवायचं आणि माझं खोडायचं.

परवा आईची तिथी झाली. दरवर्षीसारखे नौपाड्यात जमलो. आत्या आता थकली आहे, खुर्चीतूनच सगळं सांगते. पानं वाढून झाल्यावर रंजूने पर्स उघडली आणि आईच्या पानाशेजारी एक किल्ली ठेवली. पितळी, डोक्याला लाल दोरा बांधलेली. आमच्या डोंबिवलीच्या जुन्या दाराची किल्ली. ते दार पडलं, ती भिंत पडली, तो जिनाही पडला. किल्ली तिच्याकडे राहून गेली होती.

"हे काय?" दादाने विचारलं.

"आई आली होती स्वप्नात," रंजू म्हणाली. "किल्ली मागितली."

आत्याने लगेच हात जोडले. अखेर आली गं तुझ्याकडे, असं म्हणाली. वहिनी पळी हातात धरून उभी राहिली. दादाच्या कपाळावर काहीतरी हललं, पण स्वप्नाबिप्नात काही नसतं असं या घरात म्हणायची सोय त्याने स्वतःच ठेवलेली नव्हती. तो खाली बसला. सगळे जेवलो. भोपळ्याच्या भाजीत मीठ कमी होतं आणि कुणी मागितलं नाही.

जेवणं झाल्यावर आत्या म्हणाली, "आता ही ज्याला गरज त्याला द्यायची. कोणाला द्यायची?"

मी रंजूकडे बघितलं. ती खरकटी पानं एकावर एक ठेवत होती. आत्याने प्रश्न विचारला तो सवयीने, चष्म्याबद्दल आणि छत्रीबद्दल विचारावा तसा. पण तो त्या खोलीत पंख्याच्या वाऱ्यावरही हलेना. इतक्या वर्षांत प्रथमच मला वाटलं की आता कुणालातरी उत्तर द्यावं लागणार.

दादा उठला. हात पुसले. पानाशेजारची किल्ली उचलली आणि म्हणाला, "बघू." आणि ती खिशात टाकली.

आम्ही दोघी निघालो. रिक्षासाठी उभं राहिल्यावर मला राहवलं नाही. कुणाचंही रचलेलं स्वप्न मी पहिल्या वाक्यात ओळखते, आणि हे मला ओळखता आलं नव्हतं. मी विचारलं, "खरंच मागितली का गं?"

रंजू म्हणाली, "नाही. पण मागितलं नाही तर आत्या विचारते ना, मग आली कशाला."

"मग आलीच नव्हती?"

"आली होती की." रिक्षा येताना दिसली म्हणून तिने हात वर केला, आणि हात तसाच ठेवून सांगितलं. "आपला जिना होता ना, तिथे उभी होती. किल्ली तिच्याच हातात होती. मला म्हणाली, रंजू दिसली का हो तुम्हाला."

"मग?"

"मग पंप सुरू झाला."

ती रिक्षात बसली. संध्याकाळचं पाणी यायच्या आत तिला दिव्याला पोचायचं होतं.